दुसरा अर्धा

तळ्याच्या तळातून गाळाचा लांब दंड काढला की आम्ही तो उभा चिरतो. एक अर्धा तपासायला. दुसरा शीतगृहात, त्याला कुणी बोटही लावायचं नाही, कारण उद्या शंका आली तर तोच पुरावा.

आमचे विभागप्रमुख माझे सख्खे मामा. राखाडी थर दिसताच त्यांनी जाहीर करून टाकलं, हिमनदी तळ्यापर्यंत उतरली होती, हे तिनेच खडक दळून केलेलं पीठ. मला त्याच थरात गवताची मुळं सापडली. म्हणजे शेजारची टेकडी घसरली होती, बर्फबिर्फ काही नाही.

"दुसरा अर्धा बघू या," मी म्हटलं.

शीतगृहात त्या थराच्या जागी नुसतं प्लास्टिक. मामांनी तो थर कापून, त्यावर लाख चढवून, केबिनच्या भिंतीवर काचेत लावला होता.

"घरचीच असून पाय ओढतेस?" मामा म्हणाले. "सिद्ध झालंय ते. आता तपासायचंय काय?"

तेवढ्यात केबिनमध्ये पाहुणे आले. मामा कौतुकाने चौकट दाखवू लागले. लाखेमुळे मुळं आता चांगलीच उठून दिसत होती.

एक पाहुण्या बाई वाकून म्हणाल्या, "बर्फाखाली गवत?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं.

"सांगा ना," मी म्हटलं. "सिद्ध झालंय की."