कुंचीचा रंग

आमच्या वाचन मंडळाचे नियम दोनच होते. पुस्तक घडलेल्या गोष्टींचे असावे, कथा-कादंबरी नको. आणि ज्याने ते निवडले त्याने निवडीचे कारण चर्चा संपेपर्यंत सांगू नये. दुसरा नियम निवृत्ती सरांचा. ते म्हणत, कारण आधी कळले की माणूस पुस्तक वाचत नाही, निवडणाऱ्याला वाचतो.

त्या रविवारी मी त्यांनाच वाचत होतो.

साल अठ्ठ्याहत्तर. नाशिकच्या आमच्या वसाहतीत विहाराला लागून एक पत्र्याची खोली होती. तिथे दुपारी आम्ही चौघे जमत असू. हायस्कुलात इतिहास शिकवणारे निवृत्ती सर, नगरपालिकेच्या शाळेतल्या विमलाबाई, एस.टी. डेपोतले मेकॅनिक सहादूभाऊ आणि जकात नाक्यावरचा कारकून मी. कॉलरा, कापसाच्या गिरण्या, दुष्काळी कामे अशी आमची पुस्तके असत. प्रत एकच; ती आठवडाभर एकाकडे राही आणि रविवारी मोठ्याने वाचली जाई. मी बोलत असे ते बहुधा इतकेच: "माझंही मत तसंच आहे."

या वेळचे पुस्तक सरांनी निवडले होते. धर्मांतरानंतर एका खेड्यात काय बदलले, याची ती पाहणी होती. लेखक दोन वर्षांपूर्वी महिनाभर आमच्याच वसाहतीत खोली घेऊन राहिले होते आणि सटाणा-देवळ्याकडून आलेल्या घरांत बसून माहिती विचारत होते. पुस्तकात गावाचे नाव बदललेले, माणसांना तर नावेच नव्हती.

आठवडाभर प्रत माझ्याकडे होती. सहाव्या प्रकरणात मला पुढचा मजकूर भेटला आणि मी उठून दार लावून घेतले:

'सर्वांनी देव नदीला दिले तेव्हा एका बाईने देवीचा टाक मागे ठेवला. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली ती लहानशी मूर्ती आजही तिच्या धान्यात पुरलेली आहे. तान्हेपणी मरता मरता वाचलेल्या मुलाच्या कुंचीच्या तुकड्यात तिने ती गुंडाळली आहे.'

ते मूल मी होतो. आमच्या बाजरीच्या कोठीत आईचा हात कोपरापर्यंत जाई आणि तळाशी क्षणभर थांबे, तेव्हा मी लहानपणापासून मान वळवत आलो होतो. आम्ही त्याविषयी कधी बोललो नव्हतो. माझी आई, विठाबाई, दर पौर्णिमेला विहारात पुढे बसून वंदना सांगे आणि सारी वसाहत तिच्यामागून म्हणे. वडील गेल्यावर तिच्यापाशी उरलेला मान तेवढाच होता.

मग सरांनी हेच पुस्तक का निवडावे? त्यांची आई आक्काबाई आणि माझी आई बारा वर्षे एकमेकींच्या ओट्यावर धान्य निवडत बसल्या होत्या. आक्काबाई गेल्या वर्षी वारल्या. आईने त्यांना सांगितले असणार, त्यांनी मरताना मुलाला. सगळे जुळत होते, आणि जुळत होते म्हणूनच मला झोप नव्हती.

"हे गाव माझ्या सासुरवाडीचं दिसतंय," सहादूभाऊंनी सुरुवात केली. "पाहुण्याला चहा विचारत नाहीत, असं पान दहावर स्पष्ट लिहिलंय."

विमलाबाई हसल्या आणि वाचायला पुस्तकाकडे हात केला. पाळी त्यांची होती.

"थांबा बाई," सर म्हणाले. "सहावं प्रकरण वाल्मीक वाचेल."

मी वाचू लागलो. तो मजकूर आला तेव्हा माझी नजर एखाद्या घाबरट माणसाने डबके ओलांडावे तशी त्यावरून पलीकडे गेली.

"एक परिच्छेद राहिला," सर शांतपणे म्हणाले. त्यांच्यासमोर पुस्तक नव्हते.

मी मागे आलो. वाचले. 'कुंची' या शब्दापाशी आवाज फुटला.

"कमाल आहे! बावीस वर्षं बाजरीत देवी!" सहादूभाऊ म्हणाले. "त्या घरच्या भाकरीला प्रसादच म्हणायचं की!"

"हसण्यावारी नेऊ नका," विमलाबाई म्हणाल्या. "अशी बाई आपल्यात निघाली, तर विहारात मागे बसू दे हवं तर. पुढे बसायचा तिला काय अधिकार?"

सरांनी चष्मा काढला. "आता कारण सांगतो. ही बाई माझी आई."

मग ते माझ्याकडे वळले.

"तिनं हे कोणाला सांगितलं असेल, याचा मी विचार करत होतो. शेवटच्या दोन वर्षांच्या आजारात तिला रोज पेपर कोण वाचून दाखवायचं? तू, वाल्मीक. तिनं विश्वासानं तुला सांगितलं आणि तू ते त्या लेखकाला दिलंस. आज खात्री करायची होती. तू परिच्छेद गाळलास. तुझा आवाजही गेला."

मी ज्याला फास समजत होतो तो माझ्या आईसाठी नव्हताच, माझ्यासाठी होता. नाही म्हणालो तर आवाज का फुटला हे सांगावे लागणार. गप्प राहिलो तर आईची वंदना टिकत होती आणि मी एका मेलेल्या बाईचा चहाडखोर ठरत होतो. हा सौदा मला पेलला असता, असे वाटते. पण आक्काबाई पेपर ऐकताना माझ्या डोक्यावरून हात फिरवत. मी त्यांचे गुपित फोडले असे त्यांच्या मुलाने जन्मभर मानावे, हे मला सोसेना.

"ती तुमची आई नाही, सर," मी म्हणालो. "माझी आहे. ती कुंची माझी."

विमलाबाई ताडकन म्हणाल्या, "स्वतःला सोडवायला आईचं नाव पुढे करतोस? विठाबाईंचं?"

"सोडवायचं असतं तर सोपं खोटं बोललो असतो, बाई."

सरांनी माझ्याकडे पाहिले. परीक्षेत कॉपी पकडल्यावर ते असेच पाहत असावेत. "कुंचीचा रंग कोणता? पुस्तकात तो दिलेला नाही."

"पिवळा. कानाशी लाल गोंडा आहे."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, पण तो नीट बसेना.

"आमची हिरवी होती," ते म्हणाले.

"मग पुस्तकातली बाई नक्की कोणाची?" सहादूभाऊंनी विचारले. त्यांच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

"मी शिक्षक झालो त्या वर्षी तो टाक माझ्या हाती लागला," सर जमिनीकडे बघत म्हणाले. "तिच्यादेखत गोदावरीत टाकला. पुस्तकातलं 'आजही' तिनं मुद्दाम सांगितलं असेल, असं मी धरलं. टाक गेला त्या दिवसापासून ती माझ्याशी 'जेवलास का' एवढंच बोलायची."

घरी आलो तेव्हा आई उंबऱ्याशी सुपात बाजरी पाखडत होती. मी तिला सगळे सांगितले. ती रागावेल असे वाटले होते. तिने विचारले ते निराळेच.

"आक्काबाईनं बी ठेवला व्हता?"

"तू तिला सांगितलं नव्हतंस?"

"नाय रे बाबा! तिचं पोरगं मास्तर. म्या लय भेत व्हते तिला." ती सुपाकडे पाहत राहिली. "बारा वर्सं एका सुपात हात घातला दोघींनी. ती बी मला भेत आसंल."

तेवढ्यात ओट्याशी सायकल टेकल्याचा आवाज झाला. निवृत्ती सर दारात उभे होते. त्यांनी आधी आईकडे पाहिले, मग तिच्यामागच्या कोठीकडे.

"परवा पौर्णिमा आहे, मावशी. वंदनेला येताय ना?"

"बोलवाया आलास का बघाया?" आईने विचारले.

सरांच्या चेहऱ्यावरून मला ते उमगले नाही, आणि पौर्णिमेला लोक आईच्या मागून म्हणतील की गप्प बसतील हेही नाही. मग त्यांनी चपला काढल्या आणि आत येऊन, आक्काबाई जिथे बसत त्याच जागी, खाली बसले.

आईने सूप त्यांच्याकडे सरकवले.

"खडे निवड," ती म्हणाली.