सोड्याच्या बाटलीला आजार

"झालं! झालं! पांढरं झालं!"

पुढच्या रांगेतून आरोळी उठली आणि मागची माणसं बघायला खुर्च्यांवर चढली. याच खुर्च्यांवर चढल्याबद्दल यातल्या निम्म्या लोकांना मी एकेकाळी वर्गाबाहेर उभं केलं होतं. या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी. निवृत्त झाले तरी गल्ली मला नुसतं 'बाई' म्हणते, आणि आज त्याच शाळेच्या सभागृहात श्वासमहाराज अवतरले होते.

"आजार गेला म्हणतात सगळे," महाराज माइकला ओठ चिकटवून बोलत होते. "अरे, जातो कुठे? दूध तापवून उतरवलं तरी साय राहते की नाही? तशी आजाराची साय छातीत राहते! अणूअणूत, रेणूरेणूत! डॉक्टरांच्या यंत्राला ती दिसत नाही. आम्ही ती पेल्यात दाखवतो. फुंका, माते, फुंका!"

समोर काचेचा पेला, त्यात पाण्यासारखं नितळ काहीतरी आणि एक नळी. माणसानं नळीतून फुंकायचं, बुडबुडे यायचे आणि पाणी पांढरं व्हायचं. ज्यांच्या सहा बैठका झाल्या त्यांनी फुंकलं की पाणी मात्र नितळच राहायचं. मग टाळ्या. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे शेवटच्या रांगेतून मला पेला दिसला, पेल्यातलं काही दिसलं नाही. खडूची भुकटी टाकत असेल मेला, असं म्हणून मी फणकाऱ्यानं घरी निघून आले. तिथेच चुकले.

लोकांना हसावं तरी कसं? साथ संपून दोन वर्षं झाली होती, पण आमच्या गल्लीतून ती गेलीच नव्हती. कोपऱ्यावरचा शिंपी दिवसातून चाळीस वेळा हात धुवायचा. बोटांची सालं निघालेली, त्यामुळे कापड धरवत नव्हतं त्याला. पोस्टमन पत्र दारात टाकून पळ काढायचा. समोरच्या काकू गळ्यात मंगळसूत्राबरोबर बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र घालून हिंडायच्या. कुणी शिंकलं की बसथांबा रिकामा. यांच्याशी दोन शब्द बोलावेत, असं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. मग महाराजांना सुचलं.

आणि माझ्या घरात माझी सून.

ती बँकेत काउंटरवर होती. साथीत सगळे दारं लावून बसले तेव्हा ही रोज कामावर जायची. एक दिवस खोकत घरी आली. आठ दिवसांनी आमचे हे दवाखान्यात गेले, ते परत आलेच नाहीत. शेवटचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. तेव्हापासून हिचं ताट वेगळं, पेला वेगळा, झोपायची खोली वेगळी. सहा वर्षांची लेक "आई, मांडीवर घे ना" म्हणत आली की ही भिंतीला टेकून उभी राहायची. माझ्या लेकानं समजावून पाहिलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मी काय केलं? मी गप्प बसले. बोलायला गेले तर रडू फुटेल, म्हणून गप्प बसले.

त्या संध्याकाळी ती सभागृहातून आली आणि कपाटावरची बॅग खाली काढू लागली.

"कुठे निघालीस गं?"

"आश्रमात, आई. रविवारी. महाराज म्हणाले, सगळ्यात जास्त साय माझ्यात आहे. त्यांनी विचारलं, घरात कुणी गेलं का? मी म्हटलं, सासरे. तर म्हणाले, तुझ्याच श्वासानं गेले. आता लेकीची पाळी नको असेल तर घर सोड. आश्रमातल्या चादरी धुवायच्या, सेवा करायची. पुढचं ते सांगतील."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरात कुणी गेलं का म्हणे! या गल्लीत कुठल्याही दारावर टकटक करा, 'हो' म्हणूनच उत्तर येईल. यात कसलं अंतर्ज्ञान आलं? पण तिच्यावर ओरडून उपयोग नव्हता.

"पेल्यात नेमकं काय झालं ते सांग बरं मला."

"माझं तर फुंकता फुंकताच..." तिचे डोळे भरले. "अगदी दुधाळ झालं, आई."

मी कान टवकारले. दुधाळ! हा शब्द माणसं एक तर गाईम्हशींच्या बाजारात वापरतात, नाहीतर माझ्या वर्गात.

"आणि गं, ते पाणी कशात असतं?"

"स्टीलच्या जगमध्ये. दोन जग आहेत. एकावर सारखं झाकण असतं. पवित्र पाण्याला दृष्ट लागू नये म्हणून."

"दृष्ट!" मी म्हटलं. "त्याला दृष्ट नाही, हवा लागते. उघडं ठेवलं की वर पापुद्रा धरतो." मी अजून काही सांगितलं नाही. सांगून काय होतं ते एकतीस वर्षांत कळून चुकलं होतं. हे दाखवायलाच हवं होतं.

रविवारी सून बॅग घेऊन पहिल्या रांगेत बसली. शेजारी मी, मांडीवर पर्स. माझी पाळी आली.

"या, माते! वय झालं तरी साय सुटत नाही!"

शिष्यानं झाकणाच्या जगमधून पेला निम्मा भरून दिला. मी नळी बाजूला ठेवली आणि पर्समधून काढली सोड्याची बाटली. फस्सकन उघडली आणि चमचाभर सोडा पेल्यात टाकला. पाणी पांढरंफटक झालं.

"अगं बाई!" मी माइक ओढून घेतला. "बाटलीलाही आजार झालाय की हो! महाराज, विचारा हिला, घरात कुणी गेलं का?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अश्रद्ध हातानं जल दूषित झालं!" महाराज कडाडले.

"थांबा, बरी करते." मी उरलेला सोडा धबाधबा ओतला. पेला काठोकाठ भरला आणि बघता बघता पांढरेपणा विरून पाणी नितळ झालं. "झाली खडखडीत! एका बैठकीत. आता तुम्ही फुंका."

"माझा श्वास समाधीत आहे."

"मग बोलताय कशानं?"

आता सभागृह मोकळेपणानं हसलं. तेवढ्यात शिंपी उठला. सहा बैठका झालेला, गेल्याच रविवारी 'बरा' ठरलेला. तो तडक टेबलाशी आला, झाकणाच्या जगमधून स्वतःच्या हातानं पेला भरला आणि फुंकलं. पांढरं. मग उघड्या जगमधून दुसरा पेला भरून फुंकलं. नितळ. त्यानं आपल्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं आणि महाराजांकडे पाहिलं. त्या नजरेनं महाराज दोन पावलं मागे सरले.

मी पांढरा पेला उंच धरला आणि वर्गातला आवाज काढला.

"सातवी! कार्बन डायऑक्साइड वायू सोडला असता चुन्याची निवळी...?"

"दुधाळ होते, बाई!"

अख्खं सभागृह एका सुरात बोललं. पोस्टमन, काकू, शिंपी, सगळे. आणि मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं.

"परीक्षेत दोन मार्कांना यायचं हे," मी म्हटलं. "तुम्ही सगळ्यांनी बरोबर लिहिलंत. भिंतीला लावायचा चुना पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं, की झाली निवळी. तीच या झाकणाखाली आहे. तो वायू आपल्या श्वासातही असतो आणि सोड्यातही; जास्तच गेला की निवळी पुन्हा नितळ होते. दुसऱ्या जगमध्ये नळाचं पाणी. तुम्हाला हे ओळखू आलं नाही, कारण मी ते कधी दाखवलंच नाही. काचसामान फुटेल म्हणून प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप लावलं आणि वाक्य पाच-पाच वेळा लिहून घेतलं. पोपटपंची केली मी. निम्मा गुन्हा या महाराजांचा आणि निम्मा माझा."

महाराज मागच्या दारानं निघाले होते, पण तिथे पोस्टमन उभा होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो कुणाच्या इतक्या जवळ गेला होता. पोलीस येईपर्यंत तो तिथून हलला नाही.

सून मात्र जागची हलली नव्हती. बॅगेवर हात तसाच.

"आई, पण आजार मीच आणला ना घरात?"

दोन वर्षं ज्या प्रश्नाला मी टाळलं, तो तिनं चारचौघांत विचारला. मी तिच्या शेजारी बसले.

"आणला असशीलही. मीही आणला असेन. त्या आठवड्यात येऊन गेलेल्या प्लंबरनं आणला असेल. खरंच माहीत नाही गं, आणि कुणालाच कधी कळणार नाही. पण तू घर चालवायला कामावर गेली होतीस, कुणाला मारायला नाही. ह्यांना आजारानं मारलं. मी हे तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. चुकलंच माझं."

ती हुंदके देऊ लागली. मी पेला तिच्या हातात ठेवला.

"जो जो जिवंत आहे त्याच्या फुंकरीनं हे पांढरं होतं. तुझं झालं, कारण तू जिवंत आहेस. एवढाच त्याचा अर्थ."

घरी आलो तर लेक दारातच उभी. सून थबकली. मग बॅग खाली टाकून उंबऱ्यावरच बसली, आणि पोरगी आधी बिचकली आणि मग एकदम तिच्या मांडीत शिरली. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि आदल्या दिवशी ताडून बघायला केलेल्या निवळीचा पेला भरून आणला. पोरीनं फुंकलं.

"आई, माझंपण दुधाळ! आता तू!"

सोमवारी मी मुख्याध्यापकांकडून कपाटाची किल्ली मागून आणली. आता दर रविवारी सभागृहात गल्ली जमते. पेले मांडलेले असतात, दवाखान्यातल्या मन सांभाळणाऱ्या डॉक्टरबाईही येऊन बसतात. लोक फुंकतात, मग बसून आपापल्या गेलेल्या माणसांबद्दल बोलतात. रडतातही. त्यासाठी महाराज लागत नाहीत. तुम्हालाही कुणी असा पेला पुढे केला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: जगवर झाकण का आहे?

आतापर्यंत सात पेले फुटले. फुटू देत.