देखण्या तारा

विदादने श्वास रोखला आणि मोजणीच्या सुईचं टोक फ्लॅश चिपच्या पायावर टेकवलं. चिप नखाएवढी, तिचे पाय केसांसारखे. हात जरा हलला तर सुई शेजारच्या पायावर जायची आणि सगळाच घोळ व्हायचा. समोर हातेम कीबोर्डवर बोटं ठेवून तयार बसला होता.

"विचारू?"

"विचार."

हातेमने बटण दाबलं आणि बोर्डावरच्या प्रोसेसरने फ्लॅशला तिचं नाव विचारलं. नाव विचारलं की फ्लॅश चिप ते सांगते, त्यात काही अवघड नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी रडणारं पोरसुद्धा एवढं सांगतं. हिने मात्र कालच्यासारखाच कचरा पडद्यावर ओतला.

"रुसलीय," हातेम म्हणाला.

"तूच नीट विचारत नसशील."

"आम्हा बिझर्तच्या लोकांना गोड बोलता येतं, बाई. तुमच्या स्फाक्समध्ये शब्दसुद्धा जपून वापरतात, म्हणून तिला सवय नसेल."

एरवी विदादने याला सव्याज उत्तर दिलं असतं. आज ती नुसती "हं" म्हणाली.

टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, हाच लोत्फीमामांचा कारखाना. मामांनी अर्धा जन्म टीव्ही दुरुस्त करण्यात घालवला आणि उरलेला स्फाक्सच्या ऑलिव्हच्या घाण्यांना नियंत्रणाची परदेशी खोकी विकण्यात. घुसळणीतला लगदा किती तापला, किती वेळ घुसळला, यावर ते खोकं नजर ठेवतं. लगदा फार तापला की तेलाची प्रत उतरते, आणि घेणारे व्यापारी पुरावा मागतात. म्हणून वीज गेली तरी खोक्याने हा सगळा इतिहास विसरायचा नसतो; तो जपणं हे फ्लॅशचं काम. असलं खोकं आपणच का करू नये, हे मामांच्या डोक्यात शिरलं आणि उन्हाळ्यात त्यांनी बोर्डाची आखणी भाचीच्या हाती दिली.

दिली म्हणजे बहिणीशी भांडून दिली. झोहराने लेकीसाठी बँकेतली जागा हेरून ठेवली होती. सावलीतलं काम, पुढे पेन्शन, शिवाय बोटं भाजून घ्यायला नकोत. अखेर भावाबहिणीत तह झाला: पहिला बोर्ड चालला तर पोरगी मामाची, नाही तर बँकेची. बँकेला आज उत्तर द्यायचं होतं, आणि हाज ताहेरचा घाणा उद्या सुरू व्हायचा होता. विदादचा बँकेवर काही राग नव्हता. तिला हे काम जिवापाड आवडत होतं एवढंच, आणि ते हातचं जाणार या धास्तीने सकाळपासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

मामा आतल्या खोलीतून बाहेर आले. चष्मा कपाळावर, हातात चहाचा पेला.

"बोलली का?"

"नाही, सी लोत्फी," हातेम अदबीने म्हणाला.

"आणि रॅम?"

"रॅम झकास. कालपासून लिहितोय आणि वाचतोय, एक आकडा इकडचा तिकडे नाही."

"मग झालं तर! दोघी एकाच तारांवर बसल्यात. तारा चुकल्या असत्या तर रॅम तरी कशी चालली असती? म्हणजे पोरीचा बोर्ड ठीक आहे. गोंधळ तुझ्या प्रोग्रॅममध्ये आहे."

"असेल. प्रोग्रॅम माझा, म्हणजे पापही माझंच."

"असेल काय असेल! शोध. चारला मी घाण्यावर निघणार. तोवर ही बाई बोलली नाही, तर मला पुन्हा तेच परदेशी खोकं गाडीत टाकावं लागेल, आणि हाज ताहेर मला जन्मभर चिडवेल."

मामा गेले. त्यांचं म्हणणं तर रास्तच होतं. विदादला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. हातेम निमूटपणे आपला प्रोग्रॅम पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागला होता. त्याला कालपासून बोलणी बसत होती आणि तो ती छत्रीवरच्या पाण्यासारखी झटकून टाकत होता.

"हातेम, आता नाव विचारू नकोस. नुसती पहिल्या तारेवर वीज सोड. बाकी सगळ्या बंद."

"त्याने काय होणार?"

"सोड तर खरी."

तिने सुई चिपच्या पहिल्या पायावर टेकवली. काही नाही. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, काही नाही. सहाव्या पायावर सुई टेकली आणि तिच्यासमोरच्या छोट्या पडद्यावरची रेघ टुणकन वर उडाली.

विदादने सुई हळूच खाली ठेवली. तिला कळायचं ते कळलं होतं. उन्हाळ्यात प्रोसेसरपासून रॅमपर्यंतच्या तारा आखताना त्यांचा नुसता गुंता होत होता. मग तिने या धंद्यात सगळेच करतात ती चलाखी केली: तारांच्या जागा आपसात बदलल्या. रॅमला ते चालतं. गुंता सुटला, विंचरलेल्या केसांसारख्या तारा एकीशेजारी एक गेल्या, आणि ती इतकी खूश झाली की त्या बोर्डाचा फोटो तिने फोनवर लावला. त्याच भरात त्याच तारा तिने पुढे फ्लॅशपर्यंत नेल्या होत्या.

"दिसलं काही?" हातेमने विचारलं. त्याच्या बाजूने तो छोटा पडदा दिसत नव्हता.

नाही म्हणणं सोपं होतं. हातेम संध्याकाळपर्यंत स्वतःच्याच प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसला असता. मामांनी तर बोर्डाला आधीच निर्दोष सोडलं होतं.

तेवढ्यात हातेमने कागदात गुंडाळलेलं फ्रिकासे उघडलं, तो तळलेला पाव मधोमध मोडला आणि ट्यूना, अंडं जास्त असलेला अर्धा भाग तिच्यापुढे सरकवला.

"खा. सकाळपासून नुसती ती सुई बघून पोट भरतेयस."

विदादने त्या अर्ध्या पावाकडे पाहिलं, मग हातेमकडे.

"मामा!" तिने हाक मारली. आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला.

मामा दारात आले तशी ती उभी राहिली. "चूक माझी आहे. मी तारा फिरवल्यात. पहिली सहाव्या जागी गेलीय, बाकीच्याही अशाच."

"काहीतरी काय! मग रॅम..."

"रॅमला चालतं. आईच्या डब्यांसारखं आहे ते. आई मिठाच्या डब्यात साखर ठेवते आणि साखरेच्या डब्यात मीठ. पण ठेवणारी तीच, काढणारीही तीच, म्हणून काही बिघडत नाही. प्रोसेसर रॅममध्ये उलटसुलट ठेवतो आणि तसंच काढतो, त्याच्या हाती सरळच येतं. फ्लॅश नुसता डबा नाही. तिला आधी हुकूम द्यावे लागतात, आणि हुकूमच उलटसुलट पोचले तर तिला काय कळणार? ती पाहुणी. पाहुणी डब्यावरचं नाव वाचते."

"आणि कॉफीत मीठ घालते," मामा सावकाश म्हणाले. "झोहराकडे एकदा प्यायलोय मी."

मामांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि बोर्ड खिडकीच्या उजेडात धरला. मागे फळीवर अशाच बोर्डांची पेटी होती.

"का फिरवल्यास?"

"रॅमपर्यंत गुंता होत होता म्हणून."

"आणि पुढे?"

विदादची मान खाली गेली. "सुरेख दिसत होत्या."

मामांनी बोर्ड हलकेच टेबलावर ठेवला. ते ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"सगळे फेकावे लागतील," ती म्हणाली. "नवे करून येईपर्यंत हंगाम संपेल. मी आईला सांगते की..." बोटांना डाख लावायच्या राळेचा चिकटा होता म्हणून तिने मनगटानेच डोळे पुसले.

इतका वेळ हातेम घास तोंडात धरून बसला होता. त्याने तो घाईघाईने गिळला.

"फेकायचे कशाला? हुकूम उलटसुलट पोचतात ना? मग मी आधीच उलटेसुलटे करून धाडतो. तिकडे सरळ पोचतील! तिचं उत्तरही तसंच सरळ लावून घेतो."

"आणि आत ठेवलेली माहिती?" मामांनी विचारलं.

"ती तुमच्या बहिणीच्या डब्यांत. आपणच ठेवणार, आपणच काढणार. विदाद, रडणं नंतर. सुई घे आणि कुठली तार कुठे गेलीय ते एकेक सांग."

तिने सुई घेतली. ती पाय शोधत गेली, सांगत गेली, आणि तो टिपत गेला. मधे कधीतरी तो अर्धा पाव तिने खाऊन टाकला, तिचं तिलाही कळलं नाही. मामा दोघांच्या मागे उभे होते आणि चहा पेल्यात तसाच निवत होता.

"विचारू?" हातेम म्हणाला.

"विचार."

चिपने नाव सांगितलं. नाव, घराणं, पोटात किती मावतं, सगळं एका दमात. हातेमने बोटांची टोकं ओठांना लावून पडद्याकडे चुंबन उडवलं. विदाद खुर्चीत मागे रेलून हसायला लागली आणि तिला हसू आवरेना.

मामांना मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची सवय नव्हती. त्यांनी तापमानाची कांडी स्वतः चहात बुडवली, बोर्डाला थोडा वेळ टिपू दिलं आणि फटकन वायर उपटली. ती पुन्हा लावली. चहा कसकसा निवत गेला ते बोर्डाने बिनचूक सांगितलं. मामांनी तो चहा पिऊन तोंड वाकडं केलं आणि बोर्ड खोक्यात बसवायला घेतला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. विदादचं हसू जागच्या जागी थांबलं. हा फोन कोणाचा ते सगळ्यांनाच माहीत होतं.

"बोल, झोहरा. हो, चालला. हो, निघतोच आहे घाण्यावर." मामांनी दोघांकडे पाठ केली. "नाही, तसा सहजासहजी नाही चालला. तुझ्या लेकीने घोटाळा केला होता. तेच सांगतोय, बँकेला नाही म्हणून कळव. अगं, ही मुलगी पैशांजवळ बसवायच्या लायकीची नाही! पहिल्या जागचं उचलून सहाव्या जागी नेऊन ठेवते. का, तर म्हणे सुरेख दिसतं. लोकांची खाती अशी सुरेख करून ठेवली तर तोंड कुठे लपवशील?"

पलीकडून झोहराचा आवाज खोलीभर ऐकू यायला लागला तसा मामांनी फोन कानापासून लांब धरला. हातेम पडद्याआड खाली वाकला होता आणि त्याचे खांदे हलत होते. विदादला हसावं की रडावं कळेना.

बहिणीचं ओरडून झाल्यावर मामांनी फोन खिशात टाकला, खोकं काखेत मारलं आणि ते जिना उतरायला लागले. दोन पायऱ्यांवरून त्यांचा आवाज वर आला.

"पुढच्या बोर्डात फ्लॅशच्या तारा सरळ ने. रॅमच्या राहू देत अशाच. देखण्या आल्यात."