मागचा पत्रा

मास्तरांनी बोटं दुमडली, जीपच्या दारावर टकटक केली आणि कान पत्र्याजवळ नेला. भांडं आपटल्यासारखा आवाज बराच वेळ घुमत राहिला.

"हा बडबड्या आहे," ते म्हणाले. "ह्याच्या पोटावर मधोमध एक पट्टा लाव. कडेला नको. कडेला पत्रा धरलेलाच असतो, थरथरतो तो मधे."

सुनेने रॉकेलचा बोळा फिरवून दाराची आतली बाजू पुसली, डांबरी पट्ट्यामागचा कागद सोलला आणि पट्टा हलक्या हाताने जागेवर ठेवला. मग त्यावर लाटणं फिरवायला लागली. पट्ट्याखाली हवेचा एकही बुडबुडा राहता कामा नये, अशी मास्तरांची ताकीद होती, आणि रूळ काही कुठे मिळाला नव्हता. मास्तरांनी पुन्हा टकटक केली. ठप्प. जाडजूड वहीवर मारावं तसा आवाज.

"गप्प बसला," मास्तर खुशीत म्हणाले.

"तो बसला असेल, मी नाही बसायची," घराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या. "माझं लाटणं कुठे आहे? डांबराचा वास लागला ना त्याला, तर दोघांची पानं ह्या जीपमध्येच मांडीन."

"नवीन आणते ना, आई."

"आणशील गं. पण माझा हात त्या जुन्यावर बसलाय, त्याचं काय?"

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. चाळीस वर्षं त्यांनी ट्रकच्या सीटा आणि गाड्यांचे टप शिवले. त्या धंद्यात शिवणाऱ्याला मास्तरच म्हणतात. गेल्या वर्षी ते शिडीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवावी लागली. तेव्हापासून पाय पुरता वाकत नव्हता. दर मंगळवारी शहरातल्या दवाखान्यात व्यायामाला जावं लागे. जायला सव्वा तास, आणि त्यातला निम्मा रस्ता खडीच्या खाणीजवळून. त्याला रस्ता म्हणायचं ते आपलं सवयीने. मुलगा कामासाठी वर्षभर परगावी होता. सुनेची रोपवाटिका होती आणि डोंगरावर रोपं पोचवायला तिने ही जुनी जीप घेतली होती. पुढच्या सीटवर पाय लांब करता येत नाही, म्हणून मास्तर मागच्या लांब बाकावर आडवे बसत.

जीप सुरू झाली की आतलं बोलणं संपायचं. पुढून इंजिन, दारांतून वारा आणि मागून पत्र्यांचा असा खडखडाट की स्वतःचा विचारही ऐकू येऊ नये. घरी आल्यावर सून कितीतरी वेळ कान चोळत फिरायची. मास्तरांनी ते पाहिलं होतं. एका मंगळवारी ते आपणहून म्हणाले, "हिचं तोंड बंद करू या आपण." त्यांचा घसा तेव्हाही बसलेला होता. दवाखान्याच्या दिवशी तो बसायचाच.

"अहो, गाडीत भाषणं करता की काय?" सासूबाई विचारत.

"धूळ गं," मास्तर म्हणत, आणि गरम पाणी मागत.

आठवडाभर काम चाललं. मास्तर खुर्चीत बसून पत्रे ठोकत आणि कान लावत, सून पट्टे चिकटवी. दारं झाली, पायाखालची पुढची फरशी झाली, इंजिनाच्या मागची भिंत झाली. दारांच्या कडांना नवी रबरं बसली. फरशीवर अंथरायचा जाड लोकरी नमदा मास्तरांनी स्वतः कापला आणि कडा अशा शिवल्या की टाका कुठे ते दिसू नये. पडल्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या हातात सुई आली होती. सासूबाई दोनदा काही ना काही निमित्त काढून बाहेर आल्या आणि त्यांच्या सुईकडे बघून आत गेल्या.

"झालं," मास्तर म्हणाले. "तुझ्या कानांची सोय झाली."

"आणि मागचं? चाकांवरचे पत्रे? बाकाखालची फरशी?"

"राहू दे ते."

"सगळ्यात जास्त आवाज तिथेच आहे, बाबा. तुम्ही बसता तिथे."

"मला नाही होत त्याचा त्रास. चाळीस वर्षं हातोड्यांच्या संगतीत काढली. राहू दे म्हटलं ना."

त्यांनी सुई डबीत ठेवली आणि डबीचं झाकण लावलं. सुनेला वाटलं, थकले. किंवा स्वतःसाठी तिला आणखी राबवून घेणं त्यांना जड जात असेल. पाणी हवं असलं तरी आधी दोनदा घसा खाकरणारा हा माणूस. पट्टे पुष्कळ उरले होते. पुढचे दोन दिवस दुपारी मास्तर झोपले की ती मागे शिरायची. वाकून वाकून तिची पाठ धरली, पण चाकांवरचे पत्रे, फरशी, मागचं दार, सगळं तिने झाकलं. बाकाखाली नमदा दुहेरी घातला. टाके मास्तरांसारखे आले नाहीत, एवढीच काय ती खंत.

मंगळवारी मास्तर बाकावर बसले, पाय दोन्ही हातांनी उचलून वर घेतला आणि चाकावरच्या पत्र्याला हात टेकला. तिथेच थांबले. बोटं दुमडून त्यांनी टकटक केली.

ठप्प.

"मागचंही केलंस?"

"उरलं होतं सामान." ती हसू दाबत म्हणाली.

मास्तरांनी पट्ट्यावरून तळवा फिरवला. "नीट दाबलायस. बुडबुडा नाही कुठे." 

जीप निघाली, आणि सुनेला वाटलं आपण दुसऱ्याच कुणाची गाडी चालवतोय. पाण्याच्या बाटलीतलं पाणी हललेलं ऐकू येत होतं. तिने मागे न बघता रोपांच्या गोष्टी काढल्या, सासूबाईंच्या नव्या लाटण्याची काढली. मास्तर "हो", "बरोबर" म्हणत होते. खाण आली. पहिल्या खड्ड्यात चाक उतरलं तेव्हा मागे श्वास एकदम थांबल्याचं तिला कळलं. तो बराच वेळ सुटला नाही. दुसऱ्या खड्ड्याला बाकाचं कापड करकरलं. तिसऱ्याला एक आवाज निघाला, अर्ध्यात तुटला आणि त्याचा खोकला झाला.

"थांबू का, बाबा?"

"कशाला? ठसका लागला. चल तू."

पुढचा अर्धा तास तिने जीप बैलगाडीच्या चालीने नेली. मागून काहीही ऐकू आलं नाही.

दवाखान्यात व्यायाम करून घेणारी मुलगी तोंडाने फटकळ होती. तिने मास्तरांचा पाय हातात घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"आज काय दगड होऊन आलात? एरवी कसे सैल असता! बाकीचे लोक इथे येऊन बोंब मारतात, तुम्ही मात्र जणू घरून मोकळे होऊनच येता. आणि आवाजही आज चांगला खणखणीत. मी आपली समजायचे, मास्तर गाडीत गाणी म्हणतात."

मास्तर हसले. "आज गाणं राहिलं," ते म्हणाले.

सून त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होती. तळव्यात नखांच्या चार खुणा उमटल्या होत्या, लालभडक. मास्तरांनी मूठ मिटली.

ती बाहेर येऊन बाकड्यावर बसली. वर्षभर मंगळवारचे ते बसलेले घसे तिला आठवत होते, आणि ते गरम पाणी. सव्वा तास जायला, सव्वा तास यायला, तिच्या पाठीशी हातभर अंतरावर हा माणूस जीव खाऊन ओरडत होता, आणि त्या खडखडाटात तिला कधी पत्ता लागला नव्हता. सगळ्या आठवड्यात तेवढीच एक जागा त्यांना होती. घरात बायको होती, इथे परकी माणसं होती. आणि सुनेसमोर कण्हायचं, हे तर त्यांच्याकडून ह्या जन्मी व्हायचं नव्हतं.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं, घरी जाऊन सगळे पट्टे उचकटावेत. मग तिला मास्तरांचा चेहरा दिसला, ते मागे बसून पुन्हा टकटक करतानाचा. त्यांना कळेल की हिला कळलं. त्यानंतर ते ह्या जीपमध्ये पाऊल ठेवायचे नाहीत. दवाखानाही बंद करतील.

परतताना तिने त्यांना बाकावर बसवलं, पायाखाली उशी दिली आणि चारही काचा पुरत्या खाली केल्या.

"धूळ येईल," मास्तर म्हणाले.

"येऊ दे. आतमध्ये डांबराचा वास कोंडलाय. माझं डोकं चढलं."

डांबरी रस्ता संपला. खाणीची पाटी दिसली तशी सुनेने जीप पहिल्या गियरमध्ये टाकली आणि ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. इंजिन बोंबलायला लागलं. शेजारून जाणाऱ्या खडीच्या ट्रकवाल्याने मान बाहेर काढून हिला काय झालं म्हणून पाहिलं. खाणीतल्या खडी वाहून नेणाऱ्या पट्ट्यांचा घरघराट उघड्या काचांतून आत घुसला.

"काय झालं गं गाडीला?" मागून मास्तरांनी विचारलं.

तिला शब्द न् शब्द ऐकू आला.

"काय म्हणालात?" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. "काही ऐकू येत नाहीये, बाबा!"

मग तिने हात वर करून समोरचा आरसा फिरवला. आता त्यात फक्त छत दिसत होतं. पुढे पहिला खड्डा आला होता. तिने पाय तसाच ठेवला आणि चाक सावकाश त्यात उतरवलं.