भाकरीबंदी

धावण्याचे कोच वीरेश सरांनी सांगितलेला 'भात-भाकरी बंद' डाएट दानेश्वरीनं २००४ साली महिनाभर इमानानं पाळला, आणि दहा किलोमीटरच्या शर्यतीत नवव्याच किलोमीटरला ती आडवी झाली. वर सर मंगळवार पेठेत सांगत सुटले, "पोरीत दमच न्हाय!"

तिनं त्यांना भर चौकात गाठलं. "सर, आठ दिस तुम्ही नुसतं पनीर-काकडी खावा, मग माझ्यासंगं पळा की!"

चारचौघांत नाही कसं म्हणणार? नवव्या दिवशी सर असे पळाले, की रंकाळ्यावर डुंबायला निघालेली म्हैस त्यांना मागं टाकून गेली. दानेश्वरी शेजारनं भाकरी-ठेचा खात पळत होती.

"एक घास दे की गं," सर कळवळले.

तिनं पुढं जाऊन उरलेली चतकोर म्हशीला चारली. "पयला नंबर हिचा आला न्हवं, सर!"