पुढे गर्दी आहे

लिफ्टवाला आणि बेकरीवाला एकमेकांना किती ओळखतात, असं कुणी विचारलं असतं तर दोघांचीही पंचाईत झाली असती. तोंडओळख म्हणावी तर तीही धड नव्हती. होती ती पाठओळख. शहरातल्या प्रत्येक शर्यतीत एक जण पुढे असायचा आणि दुसरा त्याच्या पाठीवर नजर रोवून मागे. कधी हा त्याला पाणी पाजायचा, कधी तो ह्याला. पहिला नंबर वगैरे कुणा विशीतल्या पोरापोरींकडे जायचा, त्याच्याशी ह्यांना काही देणंघेणं नव्हतं. ह्यांची शर्यत केस पिकलेल्यांची, आणि त्यातही फक्त दोघांची. शेवटची रेषा ओलांडली की दोघं गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायचे, एकमेकांकडे बघून मान हलवायचे आणि आपापल्या घरी जायचे.

लिफ्टवाल्याचं काम देखभालीचं. दिवसभर इमारतींच्या पोटात शिरून दोर तपासायचे, ग्रीस भरायचं, दरवाज्यांचे झिजलेले रोलर बदलायचे. "जन्मभर वरखाली करतोय, म्हणून सकाळी जरा आडवं पळून घेतो," हा त्याचा एकमेव विनोद, तोही वर्षातून एकदा. एरवी माणूस घुमा. पळणाऱ्यांच्या गटात येऊन-जाऊन असायचा, पण त्यांच्या चहाला थांबायचा नाही. बायको म्हणायची, "तुमच्याशी बोलण्यापेक्षा लिफ्टशी बोललेलं बरं. ती निदान मजला तरी सांगते."

मग एका शर्यतीला बेकरीवाला आलाच नाही. लिफ्टवाला आपल्या वयोगटात आरामात पहिला आला. गळ्यात पदक पडलं, फोटो निघाला, पण घरी येताना त्याला काही केल्या जिंकल्यासारखं वाटेना. पुढच्या शर्यतीलाही तेच. पदक टेबलावर ठेवून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला, तेव्हा बायको म्हणाली, "एवढं तोंड पाडून पदक आणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय."

शेवटी त्याने टपालवालीला विचारलं. ही गटातली सगळ्यात वेगवान मुलगी. दिवसभर सायकलवरून टपाल वाटायची आणि तरीही हिचे पाय सळसळत असायचे. अर्ध्या शहराची खबर तिच्याकडे.

"तुम्हाला माहीत नाही?" ती म्हणाली. "त्यांना दिसत नाही हो आता. डोळ्यांच्या पडद्याचं काहीतरी आहे. हळूहळू जातच होती नजर, आता जवळजवळ गेलीच."

लिफ्टवाला दोन दिवस घुटमळला आणि तिसऱ्या दिवशी कामावरून परस्पर बेकरीत गेला. गल्ल्यावर सून होती. तिने आत बोट दाखवलं. आत लांबलचक टेबलाशी बेकरीवाला कोपरापर्यंत पिठात बुडून कणीक मळत होता. हात कसे सवयीने चालले होते. फक्त चेहरा समोरच्या भिंतीकडे होता, टेबलाकडे नव्हता.

"कोण?" त्याने विचारलं.

लिफ्टवाल्याला आपली ओळख कशी सांगावी कळेना. इतक्या वर्षांत नावसुद्धा सांगितलं नव्हतं. "मी... तुमच्या मागे पळतो," तो म्हणाला.

हात थांबले. मग बेकरीवाला एवढ्या मोठ्याने हसला की सून आत डोकावून गेली. "मागे? शेवटच्या शर्यतीत तर पुढे होतात! चढावर कापलंत मला. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मला रस्त्याच्या कडाच दिसत नव्हत्या. तुमच्या त्या निळ्या बनियनच्या आधारावर आलो मी तिथवर. बनियन लांब गेलं आणि मी दुभाजकाला धडकलो."

त्या दिवशी आपण किती खूश झालो होतो, हे लिफ्टवाल्याला चांगलं आठवत होतं. तो काहीतरी पुटपुटला. बेकरीवाला पुन्हा कणकेकडे वळला. "आता काय, इथेच. भट्टीपासून टेबलापर्यंत. पण पायांना कोण समजावणार? रात्री झोपेत लाथा मारतो म्हणून नातू शेजारी झोपत नाही."

"माझ्याबरोबर पळाल?" लिफ्टवाल्याने विचारलं आणि आपणच विचारलं ह्याचं त्याला आश्चर्य वाटलं.

बुटाच्या नाडीचा एक फास ह्याच्या मनगटात, एक त्याच्या. मध्ये वीतभर दोरी. कालव्याकाठचा रस्ता सपाट आणि पहाटे मोकळा, म्हणून तिथून सुरुवात केली. पहिले काही दिवस नुसती फरफट होती. दोघांची पावलं जुळेनात, कोपरं एकमेकांना लागत. लिफ्टवाला फक्त गरजेपुरतं बोलायचा. "खड्डा." "डावीकडे." "पायरी." आणि त्यात एकदा "पायरी" म्हणायला उशीर झाला. बेकरीवाला पालथाच पडला. कोपर सोलवटलं.

लिफ्टवाला उचलायला वाकला, तर खालून आवाज आला, "अहो, बोला की माणसा! तुम्ही तोंडात गुळणी धरून पळता. तुम्ही गप्प झालात की मला वाटतं आता खड्डाच आला. मग मी घाबरतो आणि पाऊल चुकतं."

"काय बोलू?"

"दिसेल ते. तुम्हाला फुकट दिसतंय ना सगळं? मग वाटा थोडं."

त्या दिवसापासून लिफ्टवाला बोलायला शिकला. वयाच्या ह्या टप्प्यावर माणूस बोलायला शिकतो हे हास्यास्पद होतं, पण खरं होतं. आधी जड गेलं. कालव्यात पाणी आहे, एवढं सांगून झालं की शब्द संपायचे. "कसं आहे?" बेकरीवाला विचारायचा. मग नीट बघावं लागायचं. पाणी कडेला हिरवट आहे, मध्ये आभाळाच्या रंगाचं आहे, एक बगळा एका पायावर उभा आहे आणि आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही. समोरून त्या लाल स्वेटरवाल्या बाई येताहेत, त्यांचा कुत्रा त्यांना फिरवायला घेऊन निघालाय. पलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी दात घासत गॅलरीत उभं आहे आणि आपल्याला हात करतंय. बेकरीवालाही लगेच त्या दिशेला हात करायचा. ह्याच रस्त्याने लिफ्टवाला कित्येक वर्षं पळाला होता, पण समोरच्या पाठीखेरीज त्याने काही पाहिलंच नव्हतं. घरीही त्याची जीभ थोडी सैल झाली. बायकोने एकदा त्याच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना बघितलं.

हळूहळू पावलं जुळली, श्वास जुळले, आणि मग भलतंच घडायला लागलं. बेकरीवाला वेगवान होऊ लागला. रस्त्याची भीती गेली तशी त्याच्या पायांतली जुनी रग परत आली. वर्षानुवर्षं अंधुक दिसण्याला भिऊन तो हात राखून पळत आला होता. आता बघायची जबाबदारी दुसऱ्याकडे गेली आणि हा मोकळा सुटला. दोरी ताणली जायला लागली. पुढे कोण आणि मागे कोण, हे दोघांनाही कळत होतं.

लिफ्टवाल्याची छाती भात्यासारखी चालायची. त्यात बोलायचंही असायचं. एका सकाळी अगदीच ऊर फुटायची वेळ आली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "जरा हळू. पुढे गर्दी आहे."

रस्ता रिकामा होता. बगळासुद्धा नव्हता.

बेकरीवाल्याने वेग कमी केला. लिफ्टवाल्याला श्वास मिळाला. वाईट वाटलं, पण श्वास मिळाला. दुसऱ्या दिवशी शाळेची मुलं आडवी आली, मग एक गाई-म्हशींचा कळप आला, मग रस्त्याचं काम निघालं. कालव्याकाठी एवढी वर्दळ त्या शहराच्या इतिहासात कधी झाली नसेल. रोज घरून निघताना तो कानाला खडा लावायचा, आणि दम संपत आला की रोज कुणीतरी आडवं यायचं.

शर्यत तोंडावर आली होती. दोघांनी दहा किलोमीटरसाठी नाव दिलं होतं. आदल्या रविवारी लिफ्टवाल्याने पुन्हा "हळू, पुढे गर्दी आहे," म्हटलं तेव्हा बेकरीवाला हळू न होता थांबलाच.

"कसली गर्दी?" त्याने शांतपणे विचारलं.

"लोक आहेत. फिरायला आलेले."

"किती गुपचूप फिरताहेत हो. चपला वाजत नाहीत, कुणी खोकत नाही." तो थोडा वेळ ऐकत राहिला. "कालच्या म्हशीही अशाच गुणी होत्या. वाससुद्धा नाही आला."

लिफ्टवाल्याचा चेहरा उतरला. समोरच्याला तो दिसणार नव्हता, ह्याने उलट जास्तच लाजल्यासारखं झालं. दोघं कालव्याच्या कठड्यावर बसले. दोरी मनगटात तशीच होती.

"मला तुमच्या वेगाने पळवत नाही," लिफ्टवाला म्हणाला. "दम पुरत नाही."

"ते मला केव्हाच कळलंय. दोरीतून सगळं कळतं." बेकरीवाल्याने पाय लांब केले. "हे बघा, तुम्ही खड्डा सांगायला विसरलात तर मी पडेन आणि उठेन. कोपर काय, भरून येतं. पण तुम्ही सांगितलेलंच खरं नसेल, तर मी पाऊल टाकायचं कशावर?"



"आणि मी तरी कुठला धुतल्या तांदळाचा?" बेकरीवाला पुढे म्हणाला. "म्हशी नाहीत हे मला ठाऊक होतं. तरी रोज हळू होत होतो. बोललो असतो तर तुम्ही उद्यापासून आला नसता. मग मला कोण घेऊन जाणार होतं? भट्टीपासून टेबलापर्यंत, परत तेच. म्हणून म्हटलं, असू देत म्हशी."

ऊन पाण्यावर आलं होतं. लिफ्टवाल्याने ते सांगितलं नाही. बेकरीवाल्याला गालावर कळलं असावं, कारण त्याने तोंड तिकडे वळवलं.

त्याच संध्याकाळी लिफ्टवाला टपालवालीच्या दारात उभा होता. जिवावर आलं होतं. शर्यतीत बेकरीवाल्याला तू घेऊन पळ, असं तिला सांगताना तो दोरीशी असा चाळा करत होता, जणू जन्माची कमाई कुणाच्या तरी हवाली करायची आहे. ती लगेच हो म्हणाली. "पण एक सांगतो," तो म्हणाला, "गप्प राहायचं नाही. दिसेल ते सांगायचं. आणि..." तो अडला. "दिसेल तेवढंच सांगायचं."

"बोलायचं मला सांगताय?" ती म्हणाली. "माझी आई मला गप्प बस म्हणून म्हणून थकली."

शर्यतीच्या सकाळी त्याने ती दोघं सुरुवातीच्या रेषेपाशी पुढे नेऊन उभी केली, नाडीचा फास स्वतःच्या हाताने बेकरीवाल्याच्या मनगटात सरकवला आणि तो गर्दीतून मागे मागे येत राहिला. पुढे उभं राहायचं काही कारणच उरलं नव्हतं. सुटली शर्यत तेव्हा तो मधोमध होता, जिथे तो आयुष्यात कधी पळाला नव्हता. दोघांना त्याने पहिल्या वळणावर एकदा पाहिलं, टपालवालीची बडबड तेवढी ऐकू आली, आणि मग ती दिसेनाशी झाली.

मग त्याच्या लक्षात आलं, की इथे मागे एक वेगळंच जग आहे. त्याच्या उजवीकडे एक नवराबायको पळत होते आणि इस्त्री बंद केली की नाही ह्यावरून त्यांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. एक आजोबा दर चौकात पोलिसाला नमस्कार करत होते. एका शाळेतल्या चार शिक्षिका आपल्या मुख्याध्यापिकेच्या तक्रारी सांगत पळत होत्या, आणि मुख्याध्यापिका थोडी मागे पळत हसत होती, कारण तिला सगळं ऐकू येत होतं. पाण्याच्या टेबलापाशी लोक चक्क थांबून पाणी पीत होते. इतकी वर्षं हे सगळं त्याच्या पाठीमागे चाललेलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता.

"पहिल्यांदाच पळताय का?" शेजारच्या बाईंनी विचारलं. इस्त्रीवाल्याच.

"हो," तो म्हणाला आणि मग त्याला ते खरंच वाटलं.

"मग घाई करू नका. आमच्याबरोबर राहा. आणि खरं सांगा, तुम्ही इस्त्री बंद केलीत असं तुम्हाला वाटलं तर केलेली असते ना?"

तो शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला. रेषेपलीकडे बेकरीवाला टपालवालीबरोबर उभा होता, घामाने निथळत, पण चेहऱ्यावर असं समाधान की बघत राहावं. लिफ्टवाला जवळ जाऊन बोलायच्या आतच त्याने कान टवकारले. "किती मागे होतात?"

"पार मागे. आणि मजा आली. ऐका, तुम्हाला सांगतो काय काय झालं..."

"सांगा, पण चहा पिता पिता. उभं राहवत नाही मला." बेकरीवाल्याने हात पुढे केला. टपालवालीने नाडी सोडून खिशात टाकली. जोरात पळायचे दिवस तिचे आणि रमतगमत पळायचे दिवस लिफ्टवाल्याचे, असं तिघांचं तिथेच ठरलं. मग लिफ्टवाल्याने बेकरीवाल्याचा हात आपल्या दंडाशी घेतला आणि गटाच्या चहाकडे पहिल्यांदाच पाऊल टाकलं. "इथून सात-आठ पायऱ्या खाली," तो म्हणाला, "आणि ह्या वेळी पुढे खरंच गर्दी आहे."

"येतेय ऐकू," बेकरीवाला म्हणाला.