पुतळ्याची नाडी

“लेकराची छाती घरघरतेय. आजच शहरात ने,” दुलमाआत्यांनी बजावलं होतं.

नबुची हसली होती. “आत्या, उद्या आपल्या कुरणात अंतराळातून यान उतरतंय. आत माणूस नाही, नुसता पुतळा. त्याच्यासाठी हेलिकॉप्टर भरून डॉक्टर येणार आहेत! पुतळ्याला तपासून तपासून तपासणार तरी किती?”

“ते डॉक्टर पुतळ्याचे गं बाई. आपले नव्हेत.”

“तुम्ही ना, उगाच घाबरवता!”

होहोतसारख्या मोठ्या शहरात कॉलेज शिकलेली नबुची निष्काळजी मुळीच नव्हती. झोपलेल्या तेमूलच्या नाकाशी सारखं बोट धरून बघायची. पण मेंढ्या व्यायला आल्या होत्या, शहर लांब, आणि असल्या बोचऱ्या वाऱ्यात तापानं फणफणलेलं तान्हं मोटरसायकलवर न्यायचं तिच्या जिवावर आलं. त्यापेक्षा डॉक्टरच दारात येताहेत.

यान विहिरीच्या अलीकडे उतरलं. बासांगनं लेकाला मेंढीच्या कातड्यात गुंडाळलं आणि नवरा-बायको धावत सुटले. पोचले तेव्हा पुतळा स्ट्रेचरवर होता. एकजण त्याच्या अंगावर ब्लँकेट सारखं करत होता, दुसऱ्यानं त्याचं मनगट धरलं होतं.

“साहेब, बाळ निळं पडतंय हो!” नबुची म्हणाली.

“मागे व्हा, ताई. सराव चाललाय.”

“अहो, पण हा पुतळा आहे!”

“पुढं ह्याच्या जागी माणूस असेल. आज आम्ही चुकलो तर तेव्हा तो मरेल.”

“आणि आज मरतोय तो?” बासांग ओरडला.

एका तरुण डॉक्टरणीनं तेमूलच्या छातीला नळी लावली. तिचा चेहरा उतरला. “सर, ह्याला ऑक्सिजन हवाय. सोबत घेऊ या ना. मी मांडीवर धरते.”

“ह्या उड्डाणात बाहेरचं कुणी चढत नाही. पेशंट आत घ्या.”

पेशंट आत गेला. त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटासुद्धा चढवला होता. हेलिकॉप्टरनं उडवलेली माती नबुचीच्या दाताखाली कचकचत राहिली.

मग मोटरसायकल. निम्म्या वाटेत तिनं बोट नाकाशी धरलं, ते शहर येईपर्यंत काढलंच नाही.

सराव बिनचूक झाल्याचं पेपरात आलं. पुढं खरा माणूस उतरला, तेव्हा डॉक्टर त्याच्यापाशी झटक्यात पोचले. तो टीव्हीवर हात हलवत होता. आत्यांकडच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मग कुणाचं तरी नबुचीकडे लक्ष गेलं आणि टीव्ही बंद झाला.

नबुची आता शहरात आत्यांकडेच असते. तेमूलला कुरणातच पुरलंय, म्हणून बासांग तिथून हलत नाही. आधी तो लोकर विकायला शहरात यायचा, दारात उभा राहायचा, चहा न घेता जायचा. ह्या हिवाळ्यात तेवढंही नाही. ती गेली की तो दार लावून घेतो.

तिकडे गवत आणायला, मेंढ्या बघायला कुणी जाणार असाल, तर नबुचीचं एवढं ऐका. विहिरीजवळचं एकटं घर आहे. कुत्रा अंगावर आला म्हणून मागे फिरू नका. दार वाजवा, नावानं हाक मारा, आणि आतून ओ येते का, तेवढं बघून या.